विलीनीकरणाची बेरीज, ग्राहकाची वजाबाकी

(बिद्री, जि. कोल्हापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

विलीनीकरण हा शब्द कोल्हापूरच्या मातीला नवा नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचा कारभार संपला, शिक्के बदलले, आणि प्रजा नागरिक झाली. त्या विलीनीकरणाचे मूल्यमापन करताना खजिन्यात किती भर पडली, हे कोणी विचारत नाही. सामान्य माणसाचे हक्क वाढले की घटले, हेच विचारले जाते. सहकाराच्या या पट्ट्यात एखादी पतसंस्था वा बँक दुसरीत विलीन होते, तेव्हाही ठेवीदाराचा पहिला प्रश्न असतो, “माझ्या ठेवीचे काय?” प्रश्न साधा आहे, पण सगळ्या अर्थशास्त्राचे सार त्यात आहे.

३१ ऑगस्ट २०१८ रोजी आयडिया सेल्युलर आणि व्होडाफोन इंडिया या दोन कंपन्या एक झाल्या. ४० कोटी ८० लाख ग्राहक, देशभर पसरलेले मनोरे, लाखो विक्री केंद्रे. त्या दिवशी ती भारतातील सर्वांत मोठी दूरसंचार कंपनी ठरली. वृत्तपत्रांनी आकडे छापले, शेअर बाजाराने हिशेब मांडले. परंतु “माझ्या फोनचे काय?” हा ठेवीदाराच्या धाटणीचा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ एका कंपनीची नव्हे, तर गेल्या तीस वर्षांतील एका मोठ्या सामाजिक स्थित्यंतराची कथा समोर येते.

सोळा रुपयांचे मिनिट

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील मोबाइल सेवेचा तो शुभारंभ. त्या काळी एका मिनिटाच्या संभाषणाला सोळा रुपयांच्या घरात मोजावे लागत, आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. साहजिकच मोबाइल ही श्रीमंतांची मिरवण्याची वस्तू होती.

सरकारने देशाची परिमंडळांत विभागणी केली होती. मुंबई शहर स्वतंत्र ठेवून उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे एक परिमंडळ झाले. या परिमंडळात आरंभी दोनच खासगी कंपन्या होत्या, बीपीएल आणि बिर्ला. बिर्लांनी अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीला भागीदार केले. २००१ मध्ये टाटा सेल्युलर त्यात सामील झाली आणि तिन्ही नावांची आद्याक्षरे जुळवून लोक तिला गमतीने ‘बटाटा’ म्हणू लागले. २००२ मध्ये तिचे नाव ‘आयडिया’ झाले. पुढे अमेरिकन भागीदार बाहेर पडला, २००६ मध्ये टाटाही बाहेर पडले आणि आयडिया पूर्णतः बिर्लांच्या हाती आली.

दुसरा प्रवाह मुंबईचा. हाँगकाँगच्या हचिसन समूहाने मॅक्स या भारतीय भागीदारासह तेथे ‘मॅक्सटच’ नावाने सेवा सुरू केली. तिचेच पुढे ‘ऑरेंज’ झाले, मग ‘हच’ झाले. बीपीएलची महाराष्ट्रातील सेवाही कालांतराने हचकडेच आली. २००७ मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने हचिसनचा वाटा विकत घेतला. म्हणजेच २०१८ मध्ये जे दोन प्रवाह एकत्र आले, ते दोन्ही महाराष्ट्राच्या मातीवरून वाहत आले होते.

दरम्यान धोरणे बदलली. १९९७ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा सरकारला देण्याची पद्धत आणली. २००० मध्ये भारत संचार निगम लिमिटेड, म्हणजे बीएसएनएल, जन्मास आली आणि २००२ मध्ये तिची मोबाइल सेवा सुरू झाली. २००३ पासून येणारे फोन विनाशुल्क झाले. तेव्हा कोठे मोबाइल शहरी बंगल्यातून निघून शेताच्या बांधावर पोहोचला.

बिद्रीच्या बांधावर

हा बांधावरचा मोबाइल म्हणजे काय, हे बिद्रीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांच्या नावाने उभा असलेला येथील सहकारी साखर कारखाना कागल, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतील शेतकऱ्यांना जोडतो. गळीत हंगामात तोडणीची टोळी कोणत्या फडात आहे, वाहन कधी येणार, वजन किती भरले, बिल खात्यावर जमा झाले की नाही, ही सारी माहिती आता फोनवरूनच कळते. बीडकडून आलेला तोडणी मजूर गावाकडच्या लेकरांशी रात्री त्याच फोनवर बोलतो. बँकेचा पासवर्ड, अनुदानाचा संदेश, मुलाचा अभ्यास, आजारी माणसासाठी बोलवायची रुग्णवाहिका, सर्व काही या एका वस्तूवर येऊन ठेपले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते बंद झाले, तेव्हा पाण्याने वेढलेल्या माणसाला बाहेरच्या जगाशी जोडणारा धागा हाच होता.

सीमेलगतच्या माणसाला तर परिमंडळ हा शब्द फार लवकर कळला. कागलची वेस ओलांडून निपाणीकडे निघाले की महाराष्ट्राचे परिमंडळ संपून कर्नाटकाचे सुरू होई. बोली तीच, सोयरीक तीच, बाजार तोच, पण फोन मात्र ‘परप्रांतात’ जाई आणि रोमिंगचे पैसे लागत. निपाणीच्या बहिणीने कागलच्या भावाला केलेला फोन एसटीडी ठरे. रोमिंगचा हा जाच २०१७ पर्यंत बहुतांशी संपला. तो संपण्यामागे नियामकाचा रेटा होता, तसाच कंपन्यांमधील चढाओढीचाही.

मुद्दा असा, की दूरध्वनी ही आता चैनीची वस्तू उरलेली नाही. रस्ता, पाणी, वीज यांच्या पंक्तीत ती जाऊन बसली आहे. म्हणून या क्षेत्रातील विलीनीकरण ही दोन व्यापाऱ्यांमधील खासगी देवघेव राहत नाही.

विलीनीकरण का घडले?

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. संभाषण मोफत आणि आरंभीचे काही महिने इंटरनेटही मोफत. तोवर एक जीबी इंटरनेटसाठी दोन-अडीचशे रुपये मोजणाऱ्या ग्राहकाने रांगा लावल्या. सहा महिन्यांत जिओचे ग्राहक दहा कोटींच्या पुढे गेले. दर कोसळले. ग्राहकाच्या दृष्टीने ती पर्वणीच होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. खेड्यातील तरुणाच्या हाती स्वस्त इंटरनेट आले, ते याच स्पर्धेमुळे.

परंतु जुन्या कंपन्यांचे गणित विस्कटले. त्यातील एक बाब ग्रामीण भागाशी निगडित असूनही दुर्लक्षित राहिली. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करी, तेव्हा फोन करणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक रक्कम देत असे. खेड्यातील ग्राहक फोन करतो कमी आणि घेतो अधिक. म्हणजे त्याने फारसा खर्च केला नाही, तरी त्याला येणाऱ्या फोनमुळे कंपनीला उत्पन्न मिळे. आयडियाची मोठी ताकद अशा ग्रामीण ग्राहकांत होती. १ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने हा दर १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो संपुष्टात आला. केवळ फोन घेणारा ग्राहक कंपनीच्या हिशेबात एकाएकी भार ठरला.

या पार्श्वभूमीवर २० मार्च २०१७ रोजी विलीनीकरणाची घोषणा झाली. स्पर्धा आयोगाने त्याच वर्षी मान्यता दिली. महाराष्ट्र, गुजरात, केरळ यांसारख्या परिमंडळांत दोघांचा एकत्रित वाटा निम्म्याच्या आसपास जात असल्याने नियमांतील मर्यादेचा प्रश्नही उपस्थित झाला होता. दूरसंचार खात्याने मागितलेली सात हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम रोख व बँक हमीच्या रूपाने भरल्यावर अंतिम संमती मिळाली. नव्या कंपनीत व्होडाफोनचा वाटा ४५.१ टक्के आणि बिर्ला समूहाचा २६ टक्के ठरला. एकत्र येण्याने वर्षाला १४ हजार कोटी रुपयांची बचत होईल, असा अंदाज वर्तवण्यात आला.

कागदावरची बेरीज

वेदगंगा दूधगंगेला मिळते तेव्हा पाणी वाढते, कारण दोन्ही नद्यांना पाणी असते. या विलीनीकरणात मात्र दोन्ही प्रवाह कर्जाचे ओझे घेऊनच आले होते. नवी कंपनी जन्मली तीच एक लाख कोटी रुपयांहून अधिक निव्वळ कर्ज डोक्यावर घेऊन. एकाच गावात दोघांचे मनोरे होते, त्यांतील एक काढायचा. एकाच शहरात दोन कार्यालये होती, त्यांतील एक बंद करायचे. दोन वितरकांच्या जागी एक ठेवायचा. हिशेबाच्या वहीत याला बचत म्हणतात. ज्याची नोकरी वा एजन्सी गेली, त्याच्या घरात त्या शब्दाचा अर्थ वेगळा असतो.

त्यात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. १९९९ च्या धोरणानुसार सरकारला द्यायचा उत्पन्नातील वाटा नेमका कोणत्या उत्पन्नावर मोजायचा, हा वाद अनेक वर्षे चालला होता. न्यायालयाने सरकारची व्याख्या ग्राह्य धरली. खात्याच्या हिशेबाने व्होडाफोन आयडियाकडील थकबाकी ५८ हजार २५४ कोटी रुपये ठरली. तीत मुद्दलापेक्षा व्याज आणि दंडाचीच रक्कम अधिक होती. २०१९-२० या आर्थिक वर्षात कंपनीने ७३ हजार ८७८ कोटी रुपयांचा तोटा नोंदवला. भारतीय उद्योगक्षेत्रात तोवर एवढा वार्षिक तोटा कोणत्याही कंपनीने दाखवला नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘व्ही’ हे नवे नाव आले, परंतु नाव बदलल्याने कर्ज बदलत नाही. २०१८ मधील ४० कोटी ८० लाख ग्राहकांपैकी २०२५ पर्यंत सुमारे २० कोटीच उरले. स्पर्धकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये पाचव्या पिढीची सेवा सुरू केली. या कंपनीला मुंबईत ती सुरू करण्यास मार्च २०२५ उजाडावा लागला.

तेरा महिन्यांचे वर्ष

या साऱ्याचा भार अखेर ग्राहकाकडे कसा सरकला, हे समजण्यास मोठ्या अर्थशास्त्राची आवश्यकता नाही. एकेकाळी ‘आजीवन’ योजना होत्या. एकदा पैसे भरले की येणारे फोन चालू राहत. घरच्या म्हाताऱ्या माणसाला असा एक फोन घेऊन दिला की पुत्र निश्चिंत होई. २०१८ च्या अखेरीस किमान ३५ रुपयांच्या, २८ दिवसांच्या रिचार्जची पद्धत आली. रिचार्ज केले नाही, तर काही काळाने येणारे फोनही बंद होऊ लागले. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षाचे महिने तेरा होतात. दिनदर्शिका बारा महिन्यांचीच राहिली, ग्राहकाचे वर्ष मात्र तेरा महिन्यांचे झाले. अखेर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायला प्रत्येक कंपनीने किमान एक योजना पूर्ण ३० दिवसांची ठेवावी, असे सांगावे लागले.

डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ असे दरवाढीचे तीन मोठे टप्पे झाले. या तिन्ही वेळा तिन्ही खासगी कंपन्यांची दरवाढ आठवडाभराच्या अंतराने एकापाठोपाठ आली. भारतातील दर आजही जगाच्या तुलनेत कमी आहेत आणि जाळे उभारायचे तर कंपनीला उत्पन्न हवे, हे म्हणणे खोटे नाही. तथापि बाजारात दहा विक्रेते असताना जो ग्राहक शेजारच्या दुकानात जाऊ शकत होता, त्याला जाण्यासाठी दुकानेच उरली नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

एके काळी एका परिमंडळात दहा-बारा कंपन्या होत्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले, तेव्हा काही गेल्या. मुंबईतील लूप २०१४ मध्ये बंद झाली. २०१६ नंतर एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची सेवा थांबली, नॉर्वेच्या टेलिनॉरचा भारतीय व्यवसाय व टाटांची मोबाइल सेवा एअरटेलमध्ये विलीन झाली. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी.

या काळात अमेरिकन, हाँगकाँगचे, नॉर्वेचे, रशियाचे भांडवल आले आणि निघूनही गेले. परके भांडवल नफा दिसेल तोवर थांबते, त्याला येथील शिवाराशी कर्तव्य नसते. मात्र स्वदेशी भांडवलही ताळेबंदच पाहते, हेही विसरता येत नाही. स्वदेशी मालकामुळे देशाचा पैसा देशात राहील. पण ग्राहकाचे हित राखायला मालकाचे राष्ट्रीयत्व पुरेसे नसते. त्यासाठी स्पर्धा आणि जागरूकता, दोन्ही लागतात.

करदाताच भागीदार

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वळण. जून २०२१ मध्ये कुमारमंगलम बिर्ला यांनी केंद्र सरकारला पत्र लिहून, कंपनी तगवू शकेल अशा कोणाकडेही आपला वाटा सोपवण्याची तयारी दर्शवली. कंपनी बुडाली असती, तर बाजारात दोनच बलाढ्य खासगी कंपन्या उरल्या असत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने देणी भरण्यास चार वर्षांची सवलत दिली आणि थकीत व्याजाच्या बदल्यात भागभांडवल घेण्याची वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६ हजार १३३ कोटी रुपयांच्या देण्याचे असे रूपांतर झाले. २०२५ मध्ये आणखी ३६ हजार ९५० कोटींचे झाले आणि सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. ज्या कंपनीत आरंभी व्होडाफोन व बिर्ला हे मोठे भागीदार होते, तिचा सर्वांत मोठा भागधारक आता भारत सरकार आहे. व्यवस्थापन मात्र पूर्वीच्याच प्रवर्तकांकडे राहिले.

सरकार म्हणजे कोण? कर भरणारा प्रत्येक नागरिक. काडेपेटी विकत घेणारा शेतमजूरसुद्धा करदाता आहे. जो पैसा तिजोरीत यायचा होता, तो समभागांच्या रूपाने एका कर्जबाजारी कंपनीत अडकला. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण दोनच कंपन्यांच्या हाती शंभर कोटींहून अधिक फोन सोपवणे त्याहून महाग पडले असते. प्रश्न असा आहे, की हा पैसा ज्याच्यासाठी पणाला लागला, त्या ग्राहकाला पर्याय टिकल्याचा लाभ प्रत्यक्ष मिळतो की नाही. त्यावर लक्ष कोणी ठेवायचे?

चौथे दुकान आणि जागा ग्राहक

पहिले उत्तर बीएसएनएल. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर काही महिने लोकांचा ओघ या सरकारी कंपनीकडे वळला, हे लक्षणीय आहे. चौथे दुकान उघडे असते, तेव्हा उरलेली तीन दुकाने भाव जपून सांगतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून बीएसएनएलच्या स्वदेशी बनावटीच्या फोर-जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सी-डॉट, तेजस नेटवर्क्स आणि टीसीएस या भारतीय संस्थांनी त्याचे तंत्र घडवले. स्पर्धकांच्या तुलनेत ते अनेक वर्षे उशिरा आले, हे खरे. पण दूरसंचाराचे संपूर्ण तंत्र स्वतः घडवू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला, ही अभिमानाची गोष्ट आहे. अभिमानाबरोबर अपेक्षाही हवी. भुदरगडच्या डोंगरातील वाडीत, राधानगरीच्या अभयारण्याच्या कडेला, जेथे खासगी कंपनीला नफा दिसत नाही, तेथे हे जाळे पोहोचले पाहिजे आणि नीट चालले पाहिजे.

दुसरे उत्तर स्वतः ग्राहक. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहकाला हक्क असतात हीच कल्पना नवी होती. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. आज हक्क आहेत, उणीव आहे ती ते वापरणाऱ्यांची. सेवा समाधानकारक नसेल तर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे, आणि १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवून तिचा आरंभ होतो. ज्या वृद्धांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी केवळ संभाषण व संदेश यांच्या योजना ठेवणे २०२५ च्या आरंभापासून कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. त्या योजनांच्या जाहिराती होत नाहीत, म्हणून त्या विचारून घ्याव्या लागतात. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून जपून ठेवावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही हाताशी असावा.

आणि त्यापुढचे दारही बंद नाही. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक मंचापुढे चालतच नाही, असे अनेक वर्षे सांगितले जाई. गुजरातमधील एका सामान्य ग्राहकाला दरमहा २४९ रुपयांच्या योजनेवर अचानक साडेचोवीस हजारांचे बिल आले. तो मंचात गेला. कंपनीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की दूरसंचार ही सेवाच आहे आणि ग्राहक मंचाला ती तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे. ती कंपनी हीच, विलीनीकरणातून जन्मलेली व्होडाफोन आयडिया. एका माणसाच्या चिकाटीने कोट्यवधी ग्राहकांसाठी दार उघडले.

सज्जनहो, संस्थान विलीन झाले तेव्हा प्रजेचे नागरिक झाले, कारण त्यामागे जागृत जनता होती. कंपन्या विलीन होतात तेव्हा ग्राहक आपोआप राजा होत नाही. कार्यकर्त्याने आपल्या गल्लीतील, वस्तीतील दहा घरांत जावे. तेथील आजोबांच्या फोनवर कोणती योजना चालू आहे, ते पाहावे. नको असलेल्या इंटरनेटचे पैसे ते वर्षातून तेरा वेळा भरत असतील, तर योग्य योजना घेऊन द्यावी. कंपन्यांची बेरीज मुंबई-दिल्लीत होईल. ग्राहकाची वजाबाकी थांबवण्याचे काम मात्र बिद्रीसारख्या गावांतच करावे लागेल.